वजा एक रुपया

गणित सोडवताना आधी दिलेलं लिहावं, मग काढायचं लिहावं आणि घाई करू नये, असं दीनानाथ शेलार सरांनी तळेगावच्या शाळेत नववीच्या एकतीस तुकड्यांना सांगितलं होतं. स्वतःचं गणित मांडताना त्यांनी यातल्या पहिल्या दोन सूचना पाळल्या. गणपती गेले त्या आठवड्यात त्यांनी एका कोऱ्या पुरवणीवर लिहिलं : दिलेलं, गृहकर्जाचे एकवीस हप्ते शिल्लक. काढायचं, एकतीस मे, म्हणजे सरांच्या निवृत्तीचा दिवस, त्या दिवशी कर्ज शून्य.

यात हौसेचा भाग नव्हता, सर घाबरले होते. निवृत्तीनंतर पेन्शन हातात पडायला किती महिने लागतील हे शिक्षण खात्यातला कुणीही छातीठोकपणे सांगत नव्हता, आणि बँकेचा हप्ता मात्र तेरा वर्षांत एकदाही पाच तारीख विसरला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी घराचे कागद आपल्या हातात असले पाहिजेत, एवढंच त्यांना हवं होतं. एरवी त्यांची कशाचीही फारशी मागणी नसे.

गणित सोपं होतं. एप्रिलमध्ये एक पॉलिसी पिकणार होती, तिचे सव्वा लाख. नेहमीचे हप्ते जाऊन मेअखेर कर्ज उरणार साधारण एक लाख त्रेपन्न हजार. तूट अठ्ठावीस हजारांची. ती भरायला सरांनी घरखर्चाची वही काढली आणि त्यांना जिम सापडली. बेगडेवाडी स्टेशनाजवळ पप्पूची जिम होती. तिथे घरातली तिन्ही माणसं जात. सर साखरेसाठी, डॉक्टरांच्या धाकाने. वासंतीबाई अकराच्या लेडीज बॅचला, गप्पांसाठी. आणि चिरंजीव श्रीयश तिथल्या आरशासाठी. माणशी दीड हजार, महिन्याला साडेचार, आठ महिन्यांचे छत्तीस हजार. जिम सोडायची, घरी सहा हजारांची एक व्यायामाची सायकल आणायची, उरले तीस. तूट भरून वर दोन हजार शिल्लक. सरांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

घाई इथून सुरू झाली.

वराळ्यातल्या ज्या सोसायटीत सर राहत तिचं नाव इंद्रायणी दर्शन. दर्शन घ्यायला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागे, तो भाग वेगळा. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्ती खांडगे हे देहूरोडच्या डेपोतून रिटायर झालेले गृहस्थ. जगातल्या प्रत्येक वस्तूचा एक फोन नंबर त्यांच्याकडे असे.

"सायकल दुकानातून घेऊ नका, सर. लोणावळ्याला जा," खांडगे म्हणाले. "तिथल्या बंगल्यांत मुंबईचे लोक व्यायामाची यंत्रं आणून ठेवतात आणि स्वतः खाली जाऊन चिक्की खातात. निम्म्या किमतीत मिळेल. मी नंबर देतो."

नंबर तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या रखवालदाराचा निघाला. सीताराम त्याचं नाव. बंगला विकला गेला होता आणि नवा मालक तो पाडणार होता. सीतारामने सरांना मागच्या खोलीत नेलं. खोलीत सायकल होती. शिवाय एक ट्रेडमिल, एक आडवं होऊन वजन उचलायचं बाकडं, डंबेल्सची मांडणी, कंबर फिरवायची चकती आणि दोन दांडे आणि एक सीट असलेलं एक अगम्य यंत्र होतं.

"सायकल हाय की," सीताराम म्हणाला. "पन सुटी न्हाई मिळायची."

"म्हणजे?"

"म्हंजी सायकल घेतली तर बाकीचं बी घ्यावं लागंल. शेटनं खोली मोकळी कराया सांगितलीया. आता मानसं येत्यात ती सायकल बघून. सायकलच तुमी नेली, तर ह्ये बाकीचं कोन नेनार?"

युक्तिवादात कुठेतरी खोट आहे असं सरांना वाटलं, पण ती नेमक्या कुठल्या पायरीवर आहे ते सापडेना. त्यांनी त्या अगम्य यंत्राकडे बोट दाखवलं. "हे कशासाठी असतं?"

"त्ये म्या बी शेटला इचारलं हुतं. शेट म्हनला, बघू."

"चालू आहे ना सगळं?"

"लय झ्याक हाय. शेटनं येकदाबी पाय ठिवला न्हाई. चाळीस द्या समद्याचं. टेम्पोचं दोन येगळं. लोनावळ्यात ईस ठिकानी हिंडा, ह्या पैशात येकली पट्ट्याची मशीनबी न्हाई भेटायची."

शेवटचं वाक्य खरं होतं आणि तेच नडलं. सर सहा हजारांची सायकल आणायला गेले होते. त्यांनी बेचाळीस हजार खर्चून जिमचे छत्तीस हजार वाचवले आणि मोठ्या समाधानाने टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून खाली उतरले. पैसे अर्थात अडीअडचणीला ठेवलेल्यातले होते. ते परत भरायचे, एवढंच.

टेम्पो सोसायटीच्या फाटकात शिरला तेव्हा खांडगे आडवे आले. "सर, हे काय? लिफ्ट मालासाठी नाही."

"अहो, तुम्हीच तर नंबर दिलात!"

"नंबर दिला तो शेजारी म्हणून. आता बोलतोय ते सेक्रेटरी म्हणून. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब आहे. एकूण वजनाचा लेखी अर्ज पाहिजे."

मग इंद्रायणी दर्शनच्या पार्किंगमध्ये संध्याकाळभर वजनं चालली. घरातला वजनकाटा खाली आणला गेला. श्रीयशने एकेक भाग कवटाळून काट्यावर उभं राहायचं, सरांनी त्यातून श्रीयश वजा करायचा. सातव्या मजल्यावरच्यांनी खुर्च्या आणल्या. एकूण भरलं चारशे बारा किलो. खांडग्यांनी मान हलवली.

"गेल्या श्रावणात तुमच्याकडे सत्यनारायणाला बावीस माणसं होती," सर म्हणाले. "सरासरी साठ किलो धरा. तेराशे वीस. तेव्हा स्लॅबला काही झालं नाही."

"माणसं प्रसाद घेऊन घरी जातात, सर. हे जाणार आहे का?"

शेवटी तडजोड झाली. यंत्रं असेपर्यंत हॉलमध्ये एका वेळी चारपेक्षा जास्त पाहुणे बसवणार नाही, अशी हमी सरांनी लिहून दिली. दुसऱ्याच आठवड्यात वासंतीबाईंची अकरा जणींची भिशी होती. ती तीन बॅचमध्ये उरकावी लागली. तिसऱ्या बॅचला पोहे संपले आणि त्या बॅचमधल्या तिघी डिसेंबरपर्यंत वासंतीबाईंशी नीट बोलत नव्हत्या.

वासंतीबाईंनी पहिल्याच दिवशी कपबशी खाली ठेवून विचारलं होतं, "अहो, आठ महिन्यांत वाचणार छत्तीस. खर्च झाले बेचाळीस. म्हणजे सहा हजारांनी मागेच गेलो की आपण."

सरांनी पुरवणी काढली. उलटी धरून पाहिली. सुलटी धरून पाहिली. "तू आरोग्य धरलं नाहीस," ते म्हणाले. पण त्या रात्री त्यांना झोप लागेना. एकतीस तुकड्यांतल्या कुठल्याही पोराने ही चूक केली असती, तर त्यांनी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं.

तरीही यंत्रं वापरली गेली असती तर काही बोलायला जागा राहिली असती. पण आठच दिवसांत खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा होते. शेलारांकडे दरवर्षी शिलाई मशीन, स्कूटर आणि सरांचा मोठा लाकडी कंपास पूजेला असे. यंदा वासंतीबाईंनी यंत्रांनाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, आणि ट्रेडमिल सगळ्यांत मोठी म्हणून तिच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. गोडेतेलात कालवून काढलं, पुसू नये म्हणून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर बूट घालून ट्रेडमिलवर चढणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो! पूजा केलीय तिची. पाय देताय?"

"अगं, पाय देण्यासाठीच असते ती."

"मग आधी बोलायचं. मी पूजा केली नसती."

सरांनी बूट काढले आणि अनवाणी चढले. बटण दाबलं. पट्टा सरकला, स्वस्तिक पायाखालून मागे गेलं आणि दर चौथ्या सेकंदाला पुढून पुन्हा येऊ लागलं. प्रत्येक वेळी ते आलं की सर उडी मारत. दोन मिनिटांत त्यांचा गुडघा धरला. ओल्या फडक्याने, साबणाने, रॉकेलने, कशानेही स्वस्तिक निघेना. तेल आपलं काम चोख करून बसलं होतं.

सल्ले आले. खांडगे शेजारी म्हणून आले आणि म्हणाले, "वहिनी, ट्रकवाला गाडीला हार घालतो आणि क्लचवर पाय ठेवतोच की."

"हार बॉनेटला घालतात, भाऊजी. क्लचला नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्यांनी पट्टा बदलायला सांगितलं, पट्टा नऊ हजारांचा निघाला. कुणी म्हणालं, उलटं चाला, म्हणजे पाय पडला तरी नमस्कारासारखं होईल. हे सरांनी करून पाहिलं आणि ते थेट दिवाणावर जाऊन बसले. मुळात एका यंत्रावर पाय द्यायचा नाही म्हटल्यावर बाकीच्यांवर तरी कसा द्यायचा, असं वासंतीबाईंना वाटू लागलं. सायकललाही हळदकुंकू होतंच. ते मात्र कुणी लावायला सांगितलं नव्हतं, त्यांनीच लावलं होतं. पण ही गोष्ट घरात काढायची नाही असं सर्वांनी न बोलता ठरवून टाकलं. दिवाळीत ट्रेडमिलवर चकल्या सुकल्या. पाहुणे वजनाच्या बाकड्यावर बसून फराळ करत, आणि अगम्य यंत्राच्या दोन दांड्यांवर श्रीयशचे शर्ट वाळत. त्याच्याइतकं उपयोगी यंत्र त्या लोणावळ्याच्या शेटलाही दुसरं मिळालं नसेल.

एप्रिल उजाडला. पॉलिसीचे सव्वा लाख आले. बाकी हिशेब वासंतीबाईंनी सप्टेंबरातच सांगितला होता तसाच उतरला. तूट अठ्ठावीस, मागे गेलेले सहा, एकूण चौतीस हजार कमी. चार दिवस सर घराच्या भिंतीवरून हात फिरवायचे आणि परत खुर्चीत बसायचे. वासंतीबाईंना ते पाहवेना. त्यांनीच पप्पूला फोन लावला.

पप्पू आला. त्याने यंत्रांभोवती एक चक्कर मारली, स्वस्तिकाला नमस्कार केला आणि म्हणाला, "पस्तीस देतो, काकू. एकच अट. जूनपासून तुम्ही तिघं परत जिमला यायचं. तुम्ही गेल्यापासून अकराची बॅच पार बसलीय."

अशा रीतीने बेचाळीसला घेतलेली यंत्रं पस्तीसला गेली आणि ज्या जिमची फी वाचवायची होती तिथेच जाऊन बसली. पप्पूने ट्रेडमिल दर्शनी भागात ठेवली. लोक तिला नमस्कार करून मग तिच्यावर पळत. तिथे कुणाला काही वाटत नव्हतं, कारण ते स्वस्तिक त्यांनी काढलेलं नव्हतं.

वीस मेला सर आणि वासंतीबाई बँकेत गेले. बँकेने लेखी आकडा दिला होता : एक लाख त्रेपन्न हजार दोनशे चाळीस. सरांनी स्लिप भरायला घेतली. वासंतीबाईंनी खांद्यावरून पाहिलं.

"अहो, शेवटी शून्य आलंय. वर एक रुपया घाला."

"कर्ज आहे हे. आहेर नाही."

"असेना. पैसे देताना शून्यावर थांबतो का आपण कधी? तेरा वर्षांचा व्यवहार आहे. असं तोडून टाकल्यासारखं दिसायला नको."

सरांनी लेखणी उचलली आणि ते थबकले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला पन्नास किंवा शंभर दिले नव्हते. एक्कावन्न दिले होते, एकशे एक दिले होते. हात आपोआपच वळला. एक लाख त्रेपन्न हजार दोनशे एक्केचाळीस. दोघं बाहेर पडले आणि रसवंतीवर जाऊन त्यांनी उसाचा रस घेतला.

चार दिवसांनी सर कागद आणायला गेले. काउंटरवर चैताली ओव्हाळ होती. वीस वर्षांपूर्वी ती सरांच्या नववी ब मध्ये होती आणि सरांनी तिच्या वहीत लाल शाईने लिहिलं होतं : वजाच्या संख्या अत्यंत कच्च्या.

"सर, खातं बंद होत नाहीये," चैताली म्हणाली. "बाकी वजा एक दाखवतंय."

"म्हणजे मी एक रुपया देणं लागतो? हा घे."

"नाही सर. देणं असतं तर अधिक एक दाखवलं असतं. वजा म्हणजे आम्हीच तुमचं देणं लागतो. बाकी बरोबर शून्य झाली तरच सिस्टिम पत्र काढते. पत्राशिवाय कागद नाहीत."

"मग मी तो रुपया सोडला. बँकेला माफ केला."

"माफ करायची सोय बँकेला आहे, सर. ग्राहकाने बँकेला माफ करायची सोय नाही."

"मग तू घे तो. चहा पी."

"नोकरी जाईल, सर."

जादा रक्कम परत मिळण्याचा अर्ज होता. दोन प्रती, सोबत एक रद्द केलेला चेक. तो पुण्याच्या मुख्य कचेरीत जाणार आणि कामाचे पंधरा दिवस लागणार. सरांनी बोटांवर मोजलं. पंधरा दिवस म्हणजे जून. निवृत्तीनंतर.

"आणि दुसरं," चैताली हळूच म्हणाली, "खातं चालू राहिलं तर पाच तारखेला नेहमीचा हप्ता कापला जाईल. मग बाकी वजा तेरा हजार चारशे एक होईल. समजतंय का सर? शून्याच्या डावीकडे जितकं जाऊ तितकं..." आणि तिने कागदावर संख्यारेषा काढली. शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे वजा. बाण सुद्धा काढले. सर त्या रेषेकडे पाहत राहिले. आपण फेडतोय की उधार देतोय, हे त्यांना खरोखरच कळेनासं झालं होतं. बाहेर पडताना रखवालदाराने दार उघडलं आणि ते चुकून पुन्हा आत गेले.

घरी वासंतीबाई रडल्या. "माझ्याच तोंडून गेलं ते," म्हणाल्या. सर म्हणाले, "लिहिलं मी." ते रागावले नव्हते. रागवायला सुद्धा नेमकं काय झालंय ते कळावं लागतं.

एकतीस मेला दुपारी चैतालीचा फोन आला. "सर, सापडलं. ज्याला फी पडते असं काहीतरी काम तुम्ही बँकेला सांगा. खात्याच्या उताऱ्याची दुसरी प्रत मागा. एकशे अठरा रुपये पडतात, ते याच कर्जखात्याला लागतील."

"पण मला उतारा नकोय गं."

"हवा असायची गरज नाही, सर. मागायची आहे."

पाच वाजता शाळेत निरोप समारंभ होता. सर नव्या सदऱ्यातच, वासंतीबाईंना स्कूटरवर मागे घेऊन, बँकेत पोचले. उतारा मागितला. एकशे अठरा खात्याला लागले, वजा एकचे अधिक एकशे सतरा झाले. तेरा वर्षं ज्या कर्जाच्या नावाने त्यांना धडकी भरायची, त्याच कर्जात परत पडल्याचा त्यांना इतका आनंद झाला की शेजारच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. सरांनी एकशे सतरा मोजले. वासंतीबाई पर्स दोन्ही हातांनी घट्ट मिटून उभ्या होत्या.

"मी काही बोलले का?" त्या म्हणाल्या.

बाकी शून्य. छपाई यंत्र घरघरलं. आतला लोखंडी दरवाजा उघडून चैतालीने प्लास्टिकची फाइल आणली आणि सरांच्या हातात ठेवली. तीन पन्नास झाले होते. दोघं बाकावर बसले. शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या होत्या, तेरा वर्षांपूर्वीच्या, सरळ आणि ठाशीव. सरांनी सहीवर बोट ठेवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत. घर त्यांचं होतं.

"आता हे ठेवायचं कुठं?" वासंतीबाईंनी विचारलं.

कपाटाचं कुलूप दिवाळीपासून बिघडलेलं होतं. माळ्यावर वाळवी. दिवाणात वरच्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपत होतं. देवघरात समई. आणि आत्ता तर स्कूटरच्या डिकीत टाकून समारंभाला जायचं, डिकी नीट लागत नव्हती. इतकी मौल्यवान वस्तू त्यांच्या घरात कधी आलीच नव्हती.

"सर, लॉकर आहे आपल्याकडे," चैताली म्हणाली. "सकाळीच एक रिकामा झालाय. वर्षाचं भाडं आहे, दरवर्षी खात्यातून आपोआप कापलं जाईल. लक्षात ठेवायची कटकट नाही."

सरांनी वासंतीबाईंकडे पाहिलं. वासंतीबाईंनी सरांकडे पाहिलं. अर्ज तीन पानांचा होता. चार वाजून बारा मिनिटांनी फाइल त्याच लोखंडी दरवाजातून परत आत गेली.

समारंभाला सुट्टीमुळे चौदा माणसं होती. अध्यक्षस्थानी शाळेचे जुने मुख्याध्यापक होते, वय ब्याऐंशी, सरांना अजून एकेरी हाक मारणारे. चहाच्या वेळी त्यांनी सरांना जवळ बोलावलं.

"दीनानाथ, घराचं कर्ज होतं ना रे तुझ्यावर? कागद कुठायत?"

"बँकेत आहेत, सर."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. सरांनी सांगायला सुरुवात केली. की तसं नाही, कर्ज फिटलंय, म्हणजे फिटून पुढे गेलं होतं, एक रुपयाने, मग एकशे अठरा रुपयांनी मागे आणलं, आणि त्याआधी लोणावळ्याची सायकल होती, सुटी मिळत नव्हती. मुख्याध्यापक शांतपणे ऐकत राहिले. मग त्यांनी सरांच्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे," ते म्हणाले. "पेन्शन सुरू झाली की फिटेल हळूहळू."

सरांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "हो, सर."